ताराबाई मोडक : मुलांना मान देणाऱ्या बाई

पालकसभा झाली की एक तक्रार हमखास येते. मुलं ऐकत नाहीत, उलट बोलतात, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, तेव्हा शाळेने जरा वळण लावावं. सभा संपली की शिक्षकांच्या खोलीत तीच तक्रार उलटी होते, घरीच कोणी काही शिकवत नाही! मग वर्गात चांगल्या सवयींचा तक्ता लागतो. बाई आत आल्या की सगळ्यांनी एका सुरात गुड मॉर्निंग म्हणायचं ठरतं. दोन आठवड्यांनी तक्त्याचा कोपरा सुटतो आणि पुन्हा जैसे थे.

परिपाठात आपण रोज प्रतिज्ञा म्हणतो. तिच्यात वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याबरोबर आणखी एक गोष्ट कबूल केलेली आहे, ती म्हणजे प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याची. या प्रत्येकात वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूलही येतं, हे आपल्या फारसं लक्षात येत नाही. साधारण नव्वद वर्षांपूर्वी दादरच्या हिंदू कॉलनीत एका बाईंनी नेमकं हेच टोक हातात धरून शाळा काढली होती. त्यांचं नाव ताराबाई मोडक. डी.एड.ला असताना त्यांच्यावर आपण सर्वांनी टीप लिहिली असेल. जन्म, संस्था, पुरस्कार, पाच गुण. त्या टिपेत जे राहून जातं त्यासाठी हा लेख.

घर आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. गिरगावकरांना प्रार्थना समाज म्हटलं की आधी चौक आणि बसस्टॉप आठवतो, पण त्या नावामागे १८६७ साली सुरू झालेली एक चळवळ आहे. जातिभेद नको, मूर्तिपूजा नको, मुलींना शिकवा, विधवांना पुन्हा संसार करू द्या, असं म्हणणारी. सदाशिवरावांनी हे नुसतं व्याख्यानात सांगितलं नाही, स्वतः एका विधवेशी लग्न केलं. ताराबाईंच्या आई उमाबाई त्या याच.

विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता मिळाली होती. पण कायद्याने परवानगी देणं वेगळं आणि शेजाऱ्याने हळदीकुंकवाला बोलावणं वेगळं. असं लग्न करणाऱ्यांच्या वाट्याला तेव्हा बहिष्कार यायचा, आणि तो घालणारी माणसं आपापल्या घरी अतिशय सभ्य, देवाधर्माची, मोठ्यांच्या पाया पडणारी असायची. असल्या घरात वाढलेल्या मुलीला एक गोष्ट फार लवकर कळली असणार, असं मला वाटतं. रीतभात सांभाळणारा माणूस समोरच्याला मान देतोच, असं नाही.

ताराबाई १९१४ साली बी.ए. झाल्या. मुलीने मॅट्रिक होणं हीच मोठी बातमी असण्याचा तो काळ. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, एक मुलगी झाली. संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. आजही एकट्या आईच्या मुलाचा प्रवेशअर्ज भरताना शाळेच्या खिडकीवर कसले कसले प्रश्न विचारले जातात ते आपण ऐकतो. १९२१ ची कल्पना करा! ताराबाई मुलीला घेऊन नोकरीला उभ्या राहिल्या आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. पद मोठं, पगार चांगला, प्रतिष्ठाही होती. ती नोकरी त्यांनी १९२३ च्या सुमाराला सोडली आणि त्या भावनगरला गेल्या, बालवर्गातल्या पोरांबरोबर जमिनीवर बसायला.

भावनगरला काय शिकल्या

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि तिथे गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरीबाईंची पुस्तकं वाचून त्यांचं वकिलीतलं मन उडालं आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत त्यांना लोक मिशीवाली आई म्हणत. ताराबाई त्यांच्या जोडीला बऱ्याच वर्षांसाठी राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, शिक्षणपत्रिका निघाली. आधी गुजरातीत, नंतर मराठीत. पालकांना आणि शिक्षकांना मुलांविषयी दर महिन्याला काही वाचायला द्यायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती.

शिष्टाचाराच्या दृष्टीने या पद्धतीत काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कामाचं हेच आहे.

माँटेसरी पद्धत म्हटलं की आपल्याला गुलाबी मनोरा आणि मण्यांच्या माळा आठवतात. पण साधनांच्या आधी तिथे रोजच्या जगण्याचे पाठ असतात. दार आवाज न करता कसं लावायचं. खुर्ची उचलून कशी ठेवायची. दुसऱ्याने चटई पसरून त्यावर काम मांडलं असेल तर ती न ओलांडता बाजूने कसं जायचं. दोन माणसं बोलत असताना मधे काही सांगायचं असेल तर काय करायचं. नाक कसं शिंकरायचं, शिंक आली तर काय. कात्री दुसऱ्याच्या हातात देताना टोक कुणाकडे ठेवायचं. आपण या गोष्टी मुलाने चुकल्यावर सांगतो, आणि बहुतेक वेळा चारचौघांत, चढ्या आवाजात. त्या पद्धतीत या गोष्टी गणितासारख्या शिकवायच्या असतात. कोणी चुकलेलं नसताना, शांतपणे, स्वतः करून दाखवून. मग मुलं करून बघतात. त्यात गंमत वाटते म्हणून पुन्हा करतात. चुकीच्या क्षणी केलेला उपदेश मुलाला शिक्षा वाटतो. कोरड्या वेळी केलेला सराव खेळ वाटतो. एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

दुसरी गंमत साधनांच्या संख्येत आहे. प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवायचं. आपण उलट करतो, भांडण नको म्हणून सगळ्यांना एकेक देतो. तिथे एकच असल्यामुळे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबावं लागतं आणि आपलं झालं की जागेवर ठेवावं लागतं. थांबण्याचा उपदेश करावाच लागत नाही, वर्गाची मांडणीच तो धडा देते. पाणी ओतायला फुटणारी काचेची भांडी देण्यामागेही तोच विचार. प्लास्टिकचा पेला आपटला तरी चालतो, म्हणून मूल आपटतं.

आणि सगळ्यात कठीण भाग बाईंच्या वागण्याचा. बाईंनी वर्गाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची नाही. मुलाजवळ जायचं, खाली बसायचं, हळू बोलायचं. मूल कामात गुंतलं असेल तर मधे बोलायचं नाही. बक्षीस नाही, शिक्षाही नाही. आपण मुलाच्या कामात वाटेल तेव्हा तोंड घालायचं आणि मुलाने मात्र आपल्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हा आपला नेहमीचा कायदा तिथे चालत नाही.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, हेही सांगायला हवं. माँटेसरीबाईंचा लहान वयात कल्पित गोष्टी सांगायला विरोध होता. आपल्याकडे गोष्टीशिवाय बालपण कसं असणार? म्हणून गोष्टी आल्या, गाणी आली, नाट्य आलं, आपले खेळ आले.

दादरचं शिशुविहार

१९३६ मध्ये दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मुंबई ताराबाईंची जन्मभूमीच. हिंदू कॉलनी तेव्हा नवी वस्ती होती. नोकरदार, प्राध्यापक, वकील अशी शिकलेली मध्यमवर्गीय माणसं. मुलांनी शिकावं ही तळमळ होती, आणि शिकणं म्हणजे लवकर लिहिता-वाचता येणं, पाढे म्हणता येणं ही समजूतही होती. तीन-चार वर्षांचं मूल शाळेत जाऊन फडशी धुतं, पाणी ओततं, बटणं लावतं, हे बघून आईबापांना काय वाटत असेल ते आजच्या ज्युनिअर के.जी.च्या पालकांकडे बघून सहज कळेल. गृहपाठ नाही म्हणून शाळा बदलणारे पालक आपण पाहिले आहेत.

त्या काळी छडी हे शिक्षणाचं साधनच होतं. मार मिळाला नाही तर मूल बिघडतं, हे शिक्षक आणि पालक दोघांनाही पटलेलं होतं. आपल्या देशात शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर सर्वत्र लागू होणारी बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने, आणि कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे ताराबाईंच्या शाळेनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. कायद्यामुळे छडी गेली. पण टोमणा गेला का, हे प्रत्येकाने आपल्या वर्गापुरतं बघावं. मुलाला दाराबाहेर उभं करणं, त्याच्या वडिलांच्या धंद्यावरून बोलणं, डबा उघडून शेरा मारणं, याचे वळ दिसत नाहीत इतकंच.

अशा शाळेत मुलं लाडावतील, डोक्यावर बसतील, हा आक्षेप या पद्धतीवर पहिल्यापासून घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. मान देणं म्हणजे काहीही चालू देणं, असा अर्थ घेतलेल्या शाळाही मी पाहिल्या आहेत आणि तिथल्या गोंगाटात कोणालाच काही ऐकू येत नाही. पण ताराबाईंच्या पद्धतीत मोकळीक होती तेवढीच बंधनंही होती. दुसऱ्याला त्रास होईल असं काही चालायचं नाही, घेतलेलं जागेवर ठेवायचं, सुरू केलेलं पुरं करायचं. बंधन बाईंच्या लहरीवर नसे, सगळ्यांना सारखं असे आणि बाईंनाही लागू असे. मुलं बंधनावर चिडत नाहीत, लहरीवर चिडतात. परळच्या आमच्या पहिलीच्या वर्गात पन्नासच्या आसपास मुलं असतात, साधनं नाहीत, चटया नाहीत. तरी दार लावायचा पाठ आम्ही दर जूनमध्ये घेतो, आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

दादरला असतानाच ताराबाईंना एक प्रश्न सतावू लागला असावा, कारण त्यांचं पुढचं आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरात गेलं. हिंदू कॉलनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरण्यांची वस्ती सुरू होत होती. परळ, लालबागच्या चाळींत एका खोलीत दहा-दहा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. आई गिरणीत, बाप गिरणीत. त्या पोरांना कुठली चटई आणि कुठला गुलाबी मनोरा? बालशिक्षण ही पैसेवाल्यांची चैन ठरणार का? गांधीजी १९३१ मध्ये लंडनला माँटेसरीबाईंना भेटले, तेव्हा त्यांनीही गरिबांच्या मुलांचाच विषय काढला होता.

बोर्डी आणि कोसबाड

१९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी शहर मागे टाकलं आणि डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र उभं केलं. तेव्हा हा ठाणे जिल्हा, आता पालघर. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि पुढे जिद्दीने शिक्षण. विधवेच्या पुनर्विवाहातून जन्मलेली एक आणि बालविधवा दुसरी, अशा या दोघी.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतली मुलं तिच्याकडे फिरकेनात. मुलं येत नाहीत याचा दोष मुलांना किंवा आईबापांना देणं सोपं होतं. पटनोंदणीच्या वेळी आपणही हेच म्हणतो, यांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं, आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं म्हणजे शंखशिंपले, बिया, पानं, खडे, माती. हीच अंगणवाडी.

यातल्या आंघोळीपाशी थोडं थांबते. मुलाला स्वच्छ करण्याचे दोन प्रकार असतात. एकात करणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस असते आणि मूल ती वाचतं. दुसऱ्यात आई आपल्या मुलाला न्हाऊ घालते तसं असतं. अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिवणंच जिथे विटाळ होता, तिथे बाईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवणं ही त्या गावासाठी स्वच्छतेच्या धड्यापेक्षा फार वेगळी गोष्ट होती. आपल्याकडे कोणी अस्वच्छ मूल आलं की आपण नाकाला रुमाल लावतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्तीत. हा भाग कसा होता ते कळायला १९४५ सालच आठवावं लागतं. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच वर्षी याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जमीनदाराच्या रानात फुकट राबणं आणि चुकलं की मार, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. अशा माणसांच्या मुलांना शाळा, बाई, पांढरे कपडे म्हणजे काय वाटणार? परक्या माणसाला बघून मुलं पळून जात, लपून बसत.

त्यात बोलीचा प्रश्न. आदिवासी, आगरी, कोळी अशा कितीतरी बोलींत वडीलधाऱ्यालाही तू म्हणतात. लालबागला कोकणातून आलेल्या घरांतली मुलंही बाईंना बिनधास्त तू ये ना म्हणतात आणि आपण दचकतो. वास्तविक आपली प्रमाण मराठीसुद्धा आईला तूच म्हणते आणि देवालाही. अहो-जाहो जरूर शिकवावं, पुढे कचेरीत, दुकानात, मुलाखतीत ते लागतं. पण तू म्हणणारं मूल उद्धट असतं असं धरून चालणं चूक आहे. त्या डहाणूच्या रानात शेठ-सावकार वारल्याच्या म्हाताऱ्या बापालाही अरे-तुरे करत आणि वारली पोर मायेने तू म्हणे. दोन्ही एकेरीच. यातलं कुठलं असभ्य, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कोसबाडला आणखी एक अडचण होती. मुलं दिवसभर गुरांमागे कुरणात. शाळेची वेळ पाळा म्हणावं तर घरचं काम अडतं. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच बाईंनी जायचं, तिथेच शिकवायचं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडीही तिथलीच, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून थोरली बहीण घरी राहायला नको. उशिरा येणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या मुलाला आपण उभं करतो. तो उशिरा का आला, हे विचारण्याची सभ्यता वेळापत्रकात बसत नाही. ताराबाईंनी वेळापत्रक बदललं.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. वय सत्तर झालं होतं. पुरस्कारानंतर त्यांनी काही वेगळं केलं नाही, कोसबाडचं काम तसंच चालू राहिलं. शिक्षिका तयार करणं हा त्या कामाचा मोठा भाग होता, दादरपासूनच. मुलाशी कसं बोलायचं हे मोठ्या माणसाला शिकवायला जास्त वेळ लागतो, मुलाला शिकवायला कमी, हे बालशिक्षणात काम करणारं कोणीही सांगेल.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज लालबागच्या चाळीत आणि परळच्या झोपडपट्टीतही एखाद्या खोलीच्या दारावर ती पाटी दिसते. खोलीला अंगण नसतं, पण नाव तेच. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं, १९९२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत.